‘ब्रेन हॅमरेज’ ऐकले म्हणून आस सोडू नका

मोहल्ल्यात खबर येते, अमक्यांच्या अब्बांना ब्रेन हॅमरेज झाले. ऐकणारा ‘कुठल्या इस्पितळात नेले, इलाज सुरू झाला का’ असे क्वचितच विचारतो. तो विचारतो, ‘शुद्धीवर आहेत का?’ आणि उत्तराची वाट न पाहताच मान हलवतो. हार्ट अटॅकची खबर असली तर लोक धावपळ करतात, अँजिओप्लास्टी कुठे होईल याची चौकशी करतात. ब्रेन हॅमरेज म्हटले की घरातली माणसे दूरच्या नातेवाइकांना फोन लावायला बसतात.

ही निराशा फक्त घरापुरती असती तरी एक वेळ चालले असते. पण ती इस्पितळातही शिरलेली होती. मेंदूत रक्त सांडले की करण्यासारखे फारसे काही उरत नाही, अशी जगभरच्या बऱ्याच डॉक्टरांची अनेक वर्षे समजूत होती. गुठळीने झालेल्या पक्षाघाताच्या रुग्णासाठी घड्याळ लावून धावणारा तोच तातडी विभाग रक्तस्रावाच्या रुग्णापाशी येऊन मंदावत असे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या अभ्यासांनी या समजुतीला धक्का दिला आहे. त्यातला एक फार मोठा अभ्यास भारत, पाकिस्तान, श्रीलंका अशा आपल्यासारख्याच देशांतल्या इस्पितळांत झाला, आणि त्यात वापरलेले इलाज बहुतेक जिल्ह्याच्या गावी मिळण्यासारखे होते. तो अभ्यास काय सांगतो आणि त्यातून आपल्या घराने काय घ्यायचे, हे आम्ही इथे सांगणार आहोत.

एक नाव, दोन आजार

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, ‘हवा लागली’. आपल्याकडे नावे अनेक आहेत, पण मेंदूत जे घडते त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने तुंबते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात नळी फुटते आणि रक्त मेंदूच्या आत सांडते. २०२१ सालच्या जागतिक आकडेवारीप्रमाणे त्या एका वर्षात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने पक्षाघात झाला. त्यातले साधारण ६५ टक्के तुंबलेल्या नळीचे होते आणि २९ टक्क्यांच्या आसपास मेंदूच्या आत रक्तस्राव झालेले. उरलेल्या थोड्यांत मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. त्याचा इलाज वेगळा असल्याने तो विषय आम्ही इथे घेत नाही.

रक्तस्रावाचे रुग्ण संख्येने कमी, पण जीव जाण्याचे प्रमाण त्यांच्यात फार जास्त. पहिल्या महिन्याच्या आत दर १० पैकी साधारण ४ रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांच्यातल्या अनेकांना पुढे चालायला, बोलायला, कपडे घालायला दुसऱ्याचा हात लागतो.

नळी फुटते का? सगळ्यात मोठे कारण रक्तदाब. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षे जास्त दाब पडला की त्यांच्या भिंती खराब होतात आणि एखादे दिवशी कमजोर जागी फुटतात. म्हातारपणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत एक प्रकारचे प्रथिन साचूनही त्या ठिसूळ होतात. आणि ज्यांना हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यांच्यात सुरू झालेला रक्तस्राव लवकर थांबत नाही.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नळी फुटली आणि जे व्हायचे ते एका क्षणात होऊन गेले, असे लोकांना वाटते. तसे नसते. १९९७ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या डॉक्टरांनी रक्तस्रावाच्या १०३ रुग्णांचे सीटी स्कॅन पुन्हा पुन्हा काढून पाहिले. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत पहिल्या स्कॅननंतर तासाभरातच रक्ताचा गोळा बराच वाढलेला दिसला. पुढच्या काही तासांत आणखी काही जणांची त्यात भर पडली. म्हणजे रुग्ण इस्पितळाच्या खाटेवर पडलेला असतो, आपण बाहेर बाकावर बसलेलो असतो आणि आत रक्त अजून सांडतच असते. कवटी हा हाडाचा बंद डबा आहे. त्यात रक्ताला जागा करायची तर मेंदूच दाबला जाणार. जो गोळा तासाभरापूर्वी छोटा होता, तो मोठा झाला की हात-पाय तर जातातच, श्वासही जाऊ शकतो.

निराश होऊन वाया घालवला जातो तो हाच वेळ. पहिल्या काही तासांत रक्तस्राव वाढू दिला नाही, तर त्याच माणसाचे पुढचे आयुष्य वेगळे होऊ शकते.

रक्तदाब उतरवावा की नाही?

रक्तस्रावाच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब इस्पितळात पोचताना १८०, २००, कधी २२० असतो. तो उतरवावा की नाही, यावर डॉक्टरांत बराच काळ वाद होता. नळी फुटली आहे आणि मागून जोर जास्त आहे, म्हणून जोर कमी केला पाहिजे, असे एका बाजूचे म्हणणे. घरात पाइप फुटला की आपण आधी नळ बंद करतो, तसेच. दुसऱ्या बाजूला भीती होती की दाब उतरवला तर मेंदूच्या बाकी भागाला रक्त कमी पडेल आणि नुकसान वाढेल.

२०१३ साली ‘इंटरॅक्ट २’ या अभ्यासाचा निकाल आला. वेगवेगळ्या देशांतल्या २,८०० हून अधिक रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचा, दुसऱ्याचा तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे १८० च्या खाली. पहिल्या गटात मृत्यू किंवा मोठे अपंगत्व ५२ टक्के रुग्णांना आले, दुसऱ्यात ५५.६ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यासाठी उतरला नाही. पण दाब उतरवल्याने नुकसान होते ही भीती खरी ठरली नाही, आणि अपंगत्वाची पायरी पायरीने तुलना केली तेव्हा पहिला गट बरा निघाला.

मग कुणी म्हणेल, १४० ने बरे वाटते तर १२० वर आणावा. २०१६ साली १,००० रुग्णांच्या दुसऱ्या एका अभ्यासाने त्याचेही उत्तर दिले. दाब आणखी खाली ओढल्याने फायदा वाढला नाही. उलट मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. या दोन्ही अभ्यासांतून निघालेली गोष्ट अशी की दाब लवकर उतरवावा, १४० च्या आसपास आणावा, १३० च्या खाली जाऊ देऊ नये आणि मग तिथेच स्थिर धरून ठेवावा. तासाला २०० आणि तासाला १३० असे झोके घेणारा रक्तदाब कामाचा नाही. त्यासाठी शिरेतून औषध, आणि मिनिटामिनिटाला दाब मोजणारी परिचारिका लागते.

चार साध्या गोष्टी, पण एकदम

रक्तदाब हा एकच धागा धरून फायदा थोडा दिसत होता. मग सिडनीतल्या जॉर्ज इन्स्टिट्यूटचे प्रा. क्रेग अँडरसन आणि चीनमधल्या चेंगडू शहरातल्या वेस्ट चायना हॉस्पिटलचे डॉक्टर यांच्या गटाने वेगळा विचार केला. रक्तस्रावाच्या रुग्णाला बिघडवणाऱ्या इतरही गोष्टी माहीत होत्या. रक्तातली साखर वाढली की मेंदूची हानी वाढते. ताप आला की वाढते. रक्त पातळ झालेले असले की स्राव थांबत नाही. या प्रत्येकावर औषध आहे आणि ते प्रत्येक इस्पितळात असते. मात्र एक गोष्ट सकाळी, दुसरी दुपारी, तिसरी मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर, अशी ती दिली जातात. ही सगळी एकत्र, पहिल्या तासात दिली तर?

‘इंटरॅक्ट ३’ या अभ्यासात ठरवलेली चार लक्ष्ये अशी होती. पहिले, वरचा रक्तदाब १४० च्या खाली. दुसरे, रक्तातली साखर मधुमेह नसलेल्यांत ११० ते १४० आणि मधुमेह असलेल्यांत १४० ते १८० च्या दरम्यान. तिसरे, अंगाचे तापमान ३७.५ सेल्सिअस म्हणजे साधारण ९९.५ फॅरेनहाइटच्या वर जाऊ द्यायचे नाही. चौथे, वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम उलटवून रक्ताच्या गोठण्याची तपासणी, जिला आयएनआर म्हणतात, १.५ च्या खाली आणायची. इलाज सुरू झाल्यापासून एका तासात ही लक्ष्ये गाठण्याचा प्रयत्न करायचा आणि पुढे सात दिवस ती सांभाळायची.

यात नवे यंत्र नाही, लाखो रुपयांचे इंजेक्शन नाही, रोबो नाही. रक्तदाबाचे शिरेतून द्यायचे औषध, इन्सुलिन, पॅरासिटामॉल, व्हिटॅमिन के आणि रक्तपेढीतला प्लाझ्मा किंवा गोठण्याचे घटक. नवे होते ते एवढेच की चारही गोष्टी एका कागदावर लिहिल्या, कुणी काय करायचे ते ठरवले आणि घड्याळ लावले.

अभ्यास १० देशांतल्या १२१ इस्पितळांत झाला. चीन, भारत, पाकिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम, नायजेरिया, ब्राझील, मेक्सिको, पेरू आणि चिली हे ते देश. रक्तस्राव होऊन सहा तासांच्या आत आलेले ७,०३६ रुग्ण त्यात होते. त्यातले बहुतांश चीनमधले होते, हेही सांगायला हवे. पद्धत अशी होती की प्रत्येक इस्पितळाने आधी नेहमीप्रमाणे इलाज करायचा आणि चिठ्ठीत निघालेल्या क्रमाने एकेकाने नव्या पद्धतीवर यायचे. त्यामुळे कुठल्याही इस्पितळाला नवा इलाज कायमचा नाकारला गेला नाही आणि तुलनाही करता आली.

मे २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात निकाल छापून आला. सहा महिन्यांनी रुग्णांची स्थिती पाहिली तेव्हा एकत्रित इलाज मिळालेल्यांत स्थिती वाईट असण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी कमी होती. मृत्यू कमी झाले. गंभीर गुंतागुंत नेहमीच्या इलाजात २०.१ टक्के रुग्णांत होती, ती १६ टक्क्यांवर आली. अभ्यासकांनी हिशेब मांडला की अशा प्रत्येक ३५ रुग्णांमागे एक जीव जास्तीचा वाचतो. ३५ मध्ये एक हा आकडा कुणाला छोटा वाटेल. ज्याच्या घरातला तो एक असेल, त्याला विचारावे. आणि जगात दर वर्षी अशा लाखो लोकांना रक्तस्राव होतो, हे लक्षात घेतले की तो आकडा छोटा राहत नाही.

आस सोडण्याचेही नुकसान मोजले गेले

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड रॉयल इस्पितळात २०१५-१६ च्या सुमारास असाच एक प्रयोग झाला. तिथल्या डॉक्टरांनी रक्तस्रावाच्या रुग्णासाठी तीन गोष्टी पक्क्या केल्या: रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम लगेच उलटवणे, रक्तदाब तासाभरात आणणे आणि गरज असलेल्या रुग्णाबद्दल न्यूरोसर्जनला विनाविलंब कळवणे. पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू शेकडा सुमारे ११ ने कमी झाले.

हे कशामुळे झाले याचा त्यांनी खोलात शोध घेतला. निघाले असे की मोठा वाटा औषधाचा नव्हता. पूर्वी रक्तस्रावाच्या अनेक रुग्णांच्या कागदावर पहिल्याच दिवशी ‘हृदय बंद पडले तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये’ असा शेरा लिहिला जात असे. नव्या पद्धतीत असे शेरे पहिल्या २४ तासांत कमी लिहिले गेले. डॉक्टर आणि परिचारिका या रुग्णाला वाचण्याजोगा मानू लागले, त्याच्यापाशी जास्त थांबू लागले, त्याला अतिदक्षता विभागात हलवू लागले. त्यातून जीव वाचले.

अमेरिकेच्या हृदयरोग आणि पक्षाघात संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही याची दखल आहे. रुग्णाने आधीच तशी इच्छा सांगून ठेवलेली नसेल, तर इलाज आवरता घेण्याचा नवा निर्णय इस्पितळातला किमान दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत पुढे ढकलावा, असे त्या सांगतात. कारण पहिल्या काही तासांत कोण उठेल आणि कोण नाही, हे अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही.

आमच्या मते प्रत्येक घराने लक्षात ठेवायची गोष्ट हीच. ‘आता घेऊन जातो, घरीच जे व्हायचे ते होऊ दे’ हे वाक्य पहिल्या रात्री बोलू नये. तवक्कल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. दुआ चालू ठेवावी आणि दवाही चालू ठेवावी. काही रुग्णांत डॉक्टरांचे सगळे प्रयत्न अपुरे पडतात, हेही खरे. तेव्हा काय करायचे ते डॉक्टरांशी बसून ठरवता येते. पण ते ठरवण्याची वेळ पहिला तास नव्हे.

घरातली गोळी का देऊ नये

चीनमध्ये झालेल्या ‘इंटरॅक्ट ४’ या अभ्यासाचा निकाल २०२४ मध्ये आला. त्यात २,४०४ रुग्णांना घेतले होते. पक्षाघाताची शंका असलेल्यांचा रक्तदाब इस्पितळात पोचण्याआधी, रुग्णवाहिकेतच उतरवायला सुरुवात करायची, असा तो प्रयोग होता. सगळ्या रुग्णांचा एकत्र निकाल पाहिला तर फायदाही नाही, तोटाही नाही. पण नंतर स्कॅनवरून दोन प्रकार वेगळे केले तेव्हा चित्र पालटले. ज्यांना रक्तस्राव होता त्यांना लवकर दाब उतरवल्याचा चांगला फायदा झाला होता. ज्यांची नळी तुंबलेली होती त्यांचे त्याच औषधाने नुकसान झाले होते.

बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे. जोराची डोकेदुखी, उलट्या, झपाट्याने येणारी गुंगी असेल तर रक्तस्रावाची शंका जास्त येते, पण खात्री सीटी स्कॅनशिवाय होत नाही. म्हणून घरात ‘बीपी वाढले असेल’ म्हणून कुणाच्या तरी डब्यातली गोळी फोडून तोंडात घालणे, जिभेखाली गोळी ठेवणे किंवा हार्ट अटॅकसाठी ऐकलेली ॲस्पिरिन देणे धोक्याचे आहे. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन तो वाढवू शकते. नळी तुंबली असेल तर बीपीची गोळी मेंदूचे उरलेले रक्तही तोडू शकते.

तेव्हा घरात करायचे ते एवढेच:

वेळ लिहून ठेवा. लक्षणे कधी सुरू झाली आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. ‘फजरला उठले तेव्हा बरे होते’ एवढे सांगता आले तरी उपयोग होतो.

तोंडातून काही देऊ नका. पाणी, दूध, जमजम, गोळी, मध, काहीही नाही. घशाचा एक भाग लुळा पडलेला असू शकतो आणि पाणी श्वासनळीत जाते. गुंगी किंवा उलटी असेल तर कुशीवर झोपवा.

१०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने निघा. जवळचा दवाखाना गाठण्यापेक्षा चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेले इस्पितळ गाठा. असे इस्पितळ आपल्या गावापासून कुठे आहे, तिथे न्यूरोसर्जन असतो का, हे आज, सगळे ठीक असताना विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रुग्णाच्या रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा, कुणी विचारण्याची वाट पाहू नका. झडप बदललेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या माणसाने ‘मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो’ अशी चिठ्ठी पाकिटात कायम ठेवलेली बरी.

आणि झाडफूक, मालिश, लकव्यावर कबुतराचे रक्त चोळणे यांत एक मिनिटही घालवू नका. गोळा वाढतो तो नेमका त्याच वेळात.

इस्पितळात काय विचारावे

डॉक्टरांशी भांडून काही मिळत नाही. पण अदबीने विचारलेल्या प्रश्नाने कामाला वेग येतो. स्कॅनवर रक्तस्राव दिसला की हे प्रश्न विचारता येतील. बीपी आता किती आहे आणि किती आणायचे ठरले आहे? साखर तपासली का? ताप आहे का? रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर उलट औषध दिले का? आयसीयूत जागा आहे का, नसेल तर कुठे हलवायचे? न्यूरोसर्जनला स्कॅन दाखवला का?

सहीसाठी वेळ घालवू नका. कोकणातल्या कित्येक घरांतले कर्ते मुलगे कुवेत, दुबई, कतारला असतात. त्यांचा फोन लागेपर्यंत किंवा मोठे चाचा गावाहून येईपर्यंत सही थांबवली जाते. अशा वेळी कुणी निर्णय घ्यायचा, हे घरात आधीच बोलून ठरवावे. अम्मी घेणार असतील तर अम्मी, थोरली सून घेणार असेल तर ती.

ऑपरेशनबद्दल घरच्यांच्या मनात दोन टोके असतात. कुणाला वाटते डोके उघडले की माणूस वाचलाच, कुणाला वाटते डोके उघडले की गेलाच. खरी गोष्ट मधली आहे. २००५ साली १,००० हून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सरसकट लवकर ऑपरेशन केल्याचा फायदा दिसला नव्हता. २०२४ साली ३०० रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात मात्र छोट्या छिद्रातून नळी घालून २४ तासांच्या आत रक्त काढल्याने मेंदूच्या वरच्या भागातल्या मोठ्या रक्तस्रावात फायदा झाला. लहान मेंदूत मोठा रक्तस्राव असेल तर ऑपरेशन जीव वाचवू शकते. गोळा कुठे आहे, केवढा आहे, यावर सगळे अवलंबून. म्हणून ‘ऑपरेशन नको म्हणाले’ याचा अर्थ ‘इलाज नाही’ असा घेऊ नये. मोठ्या संख्येने रुग्णांना औषध, देखरेख आणि नर्सिंगच वाचवते.

रक्ताच्या पिशव्यांसाठीही धावपळ होते. मागितले असेल तर जरूर द्यावे. पण मागितले नाही म्हणून इस्पितळ हयगय करते आहे असे समजू नका. ॲस्पिरिन चालू असलेल्या रुग्णांना प्लेटलेट चढवून पाहिल्या तेव्हा त्यांची स्थिती बिघडली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते.

उठून बसल्यानंतर

जो वाचला त्याचा इलाज संपलेला नसतो. हात-पायाचा व्यायाम, गिळण्याचा आणि बोलण्याचा सराव लवकर सुरू करावा लागतो आणि महिनोन्‌महिने चालवावा लागतो. सहा महिन्यांनी माणूस भिंत धरून मशिदीपर्यंत जाऊ लागला, अशी उदाहरणे आपल्या आसपास असतात. घरातल्या कुणीतरी रोज सकाळी त्याचे बोट धरलेले असते म्हणून ती असतात.

दुसऱ्यांदा रक्तस्राव होऊ नये म्हणून रक्तदाब कायम १३०/८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात. गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडायची नसते. रमजान येण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवून घ्याव्यात. बहुतेकांना दिवसातून एकदाच घ्यायची गोळी चालते. रोजा आहे म्हणून गोळी चुकवणे आणि गोळी आहे म्हणून न विचारताच रोजा सोडून देणे, दोन्हीची गरज बऱ्याचदा नसते. नुकताच रक्तस्राव होऊन गेलेल्याने मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रोजा धरू नये. बाकी लोणचे, पापड, सुक्या मासळीतले मीठ आणि तंबाखू यांविषयी प्रत्येक घराला माहीत आहेच. माहीत असलेले करायचे राहिले आहे.

आमची शेवटची विनंती इस्पितळे आणि दवाखाने चालवणाऱ्या आपल्या ट्रस्टना, जमातींना आणि डॉक्टर मुला-मुलींना आहे. या चार गोष्टींसाठी नवी इमारत लागत नाही. तातडी विभागाच्या भिंतीवर एक कागद लागतो: दाब, साखर, ताप, गोठणे. कागदाखाली एक घड्याळ लागते. आणि त्या कागदाप्रमाणे पहिल्या तासात काम झाले की नाही, हे महिन्याच्या शेवटी तपासणारा एक माणूस लागतो. रुग्णवाहिका दान करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. रुग्णवाहिका दारात पोचल्यावर आत काय होते, तिकडेही थोडे लक्ष दिले तर मोहल्ल्यात जेव्हा ‘ब्रेन हॅमरेज’ची खबर येईल, तेव्हा लोक मान हलवणार नाहीत. विचारतील, ‘किती वाजता झाले, आणि स्कॅन झाला का?’